दख्खनमधील सूक्ष्मास्त्र बाणाग्रे

दख्खनमधील सूक्ष्मास्त्र बाणाग्रे ही दख्खनच्या पठारावर सापडणारी, कॅल्सेडोनी, अकीक, जॅस्पर, चर्ट इत्यादी दगडांपासून घडवलेली लहान प्रागैतिहासिक हत्यारे होत. ती बाणाच्या किंवा हलक्या भाल्याच्या टोकाला, तसेच दांड्याच्या कडेला काट्यांप्रमाणे बसवली जात. यांतील बहुतेक हत्यारांची लांबी १ ते ५ सेंमी असते. चंद्रकोर, त्रिकोण, समलंब चौकोन, बोथट पाठीचे पाते आणि टोकदार पाते हे त्यांचे मुख्य आकार आहेत.

हे आकार उत्तर पुराश्मयुगापासून ताम्रपाषाणयुगापर्यंत हजारो वर्षे घडवले जात होते. त्यामुळे केवळ आकारावरून अशा हत्याराचा काळ ठरवता येत नाही. एकच तुकडा पाहून तो बाणाचाच भाग होता की विळ्याचा अथवा सुरीचा, हेही सहसा सांगता येत नाही. हत्यार कोणत्या जागी, कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंसह सापडले, ही माहिती त्याच्या ओळखीचा अविभाज्य भाग मानली जाते.

नाव व व्याख्या

मराठी पुरातत्त्वीय लेखनात या हत्यारांना ‘सूक्ष्मास्त्रे’ किंवा ‘लघुअश्मास्त्रे’ असे म्हणतात. ‘बाणाग्र’ हा शब्द मात्र आकारापेक्षा उपयोगाचा निदर्शक आहे. प्रत्येक सूक्ष्मास्त्र बाणाग्र नसते. कातडे भोसकणे, गवत कापणे, हाड व लाकूड तासणे अशा अनेक कामांसाठी सूक्ष्मास्त्रे वापरली जात.

बाणाग्र म्हटले की अनेक वाचकांच्या डोळ्यांसमोर उत्तर अमेरिकेतील पानाच्या आकाराचे, दोन्ही बाजूंनी घडवलेले आणि बुडाशी खाचा असलेले टोक येते. अमेरिकेत अशा टोकांचे खाचांच्या, बुडाच्या आणि खोबणीच्या रचनेवरून शेकडो नामांकित प्रकार पाडण्यात आले आहेत. सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचे क्लोव्हिस हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. तेथे बुडाच्या आकारावरून काळाचा अंदाज बांधता येतो. दख्खनमध्ये अशी नामांकित बाणाग्रांची मालिका नाही. येथे बाणाचे टोक एकसंध दगडी वस्तू नसून, अनेक लहान पाती डिंक किंवा राळेने दांड्यात बसवून तयार केलेले जोडहत्यार असे. बुडाला खाचा असलेले टोक दख्खनमध्ये अत्यंत दुर्मीळ आहे. त्यामुळे अमेरिकन बाणाग्रांच्या चित्रांशी तुलना करून येथील हत्यार ओळखण्याचा प्रयत्न दिशाभूल करणारा ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

दख्खनच्या पठाराचा मोठा भाग लाव्हाच्या थरांनी बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांमुळे त्यात पोकळ्या राहिल्या व पुढे त्या सिलिकायुक्त द्रावणांनी भरल्या. कॅल्सेडोनी, अकीक, जॅस्पर व गारगोटी यांच्या गाठी अशा रीतीने तयार झाल्या. बेसाल्टची झीज झाल्यावर या कठीण गाठी मोकळ्या होतात आणि नदीनाल्यांच्या पात्रांत गोट्यांच्या रूपाने साठतात. बेसाल्टपेक्षा त्या अधिक सूक्ष्मकणी असतात, काचेप्रमाणे शिंपल्यासारख्या वळणाने फुटतात आणि त्यांना तीक्ष्ण धार येते. गाठी मुळातच लहान असल्याने त्यांपासून निघणारी पातीही लहान असतात.

बुलढाणा जिल्ह्यात या पार्श्वभूमीची तीन रूपे दिसतात. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्यभागी पूर्णा नदीचे गाळाचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठा डोंगररांगेचे पठार अशी जिल्ह्याची रचना आहे. पैनगंगा नदी याच पठारावर उगम पावते. पठारावर व घाटाच्या उतारांवर मातीचा थर पातळ असल्याने दगडी हत्यारे पृष्ठभागावर येण्याची शक्यता अधिक असते. पूर्णेच्या खोऱ्यात याउलट गाळाचा थर जाड आहे. तेथे जुने थर खोल गाडले गेलेले असतात आणि ते मुख्यतः नदीने व नाल्यांनी कापलेल्या काठांवरच उघडे पडतात. एखाद्या शेतात हत्यार न सापडणे म्हणजे तेथे प्रागैतिहासिक मानव नव्हता असे म्हणूनच ठरत नाही.

जिल्ह्यातील लोणार हे बेसाल्ट खडकातील उल्कापाती विवर सुमारे १.८ किमी व्यासाचे आहे. अरगॉन पद्धतीच्या कालमापनाने त्याचे वय सुमारे ५,७०,००० वर्षे मानले जाते. आघाताने फुटलेले व बाहेर फेकले गेलेले खडक विवराच्या कडेभोवती पसरलेले आहेत. अशा परिसरातील प्रत्येक धारदार तुकडा मानवनिर्मित नसतो.

घडणीचे तंत्र

सूक्ष्मास्त्र तयार करताना प्रथम गाठीचा एक भाग फोडून सपाट आघाततल तयार केले जाई. या तलाच्या कडेवर दाब देऊन किंवा हाडाचा अथवा शिंगाचा छिन्नीसारखा मध्यस्थ ठेवून ठोकल्यास समांतर कडांची अरुंद पाती सुटतात. पाती काढून उरलेल्या दगडाला ‘गाभा’ म्हणतात. त्याच्या अंगावर खाली उतरणाऱ्या समांतर पन्हळी दिसतात. पहिले पाते सरळ सुटावे यासाठी गाभ्याच्या एका बाजूला आलटून पालटून छिलके काढून उभा कंगोरा तयार करण्याची पद्धत होती. ताम्रपाषाणयुगीन वसाहतींतील पात्यांच्या उद्योगात हे कंगोऱ्याचे तंत्र विशेषत्वाने आढळते.

सुटलेल्या पात्याची एक कड तशीच धारदार ठेवून दुसऱ्या कडेवरून अगदी बारीक छिलके काढले जात. त्यामुळे ती कड उभी व बोथट होई. तिला ‘पाठ’ म्हणतात. पाठ बोथट केल्याने दांड्याची खोबण चिरत नाही आणि राळेला चिकटण्यासाठी खडबडीत पृष्ठभाग मिळतो. मुद्दाम घडवलेली ही पाठ सूक्ष्मास्त्राच्या ओळखीची सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

प्रमुख प्रकार

• चंद्रकोर : एक कड सरळ व धारदार, दुसरी कमानीसारखी वळलेली व बोथट केलेली. दोन्ही टोके अणकुचीदार असतात.

• त्रिकोण : एक बाजू धारदार व उरलेल्या दोन बोथट केलेल्या. या दोन बाजू समान किंवा असमान लांबीच्या असतात.

• समलंब चौकोन : पात्याचा मधला भाग तिरपा तोडून दोन्ही टोके बोथट केलेली. रुंद धार पुढे ठेवून आडव्या बाणाग्रासारखा त्याचा उपयोग करता येतो.

• बोथट पाठीचे पाते : लांबट व समांतर कडांचे, एक संपूर्ण कड बोथट केलेले. अनेक पाती एका ओळीत बसवून काटे किंवा लांब धार तयार होते.

• टोकदार पाते : एका किंवा दोन्ही कडा टोकाकडे घडवून अणी काढलेली असते. दांड्याच्या अग्रभागी बसवण्यास हा प्रकार सर्वांत सोयीचा असतो.

याहून जुन्या मध्य पुराश्मयुगात छिलक्यांपासून तयार केलेली मोठी टोकेही सापडतात. ह. धी. सांकलिया यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे परिसरातून अशा हत्यारांचा समूह प्रकाशात आणला. त्यात तासण्या, टोचे व टोके यांचा समावेश असून तो ‘नेवासियन’ या नावाने ओळखला जातो. ही टोके जाड व रुंद असतात. ती सूक्ष्मास्त्रांत मोडत नाहीत.

मानवनिर्मित असल्याची लक्षणे

मानवाने फोडलेल्या पात्यावर किंवा छिलक्यावर पुढील लक्षणे एकत्र दिसतात : वरच्या टोकाशी आघाततलाचा छोटा शिल्लक भाग, त्याच्या लगेच खाली आतल्या अंगावर आघाताचा फुगवटा, त्या फुगवट्यापासून पसरणाऱ्या मंद लाटा आणि बाहेरच्या अंगावर आधीच्या छिलक्यांच्या खुणा. यांपैकी एखादेच लक्षण असल्यास तो तुकडा निसर्गतः फुटलेला असू शकतो.

घडवलेल्या पाठीवरील छिलक्यांच्या खुणा लहान, सलग आणि जवळजवळ एकाच दिशेच्या असतात. बैलांच्या किंवा गुरांच्या खुरांखाली, नांगराने, रोटाव्हेटरने अथवा गाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या तुकड्याच्या कडा तुटक व विस्कळीत असून खुणा दोन्ही अंगांवर कशाही पसरलेल्या असतात. ताज्या तुटीचा पृष्ठभाग उरलेल्या भागापेक्षा वेगळ्या रंगाचा व अधिक चकचकीत दिसतो.

बाणाग्र म्हणून ओळख

हत्याराचा उपयोग ठरवताना अभ्यासक पुढील तीन प्रकारचे पुरावे एकत्र विचारात घेतात.

पहिला पुरावा आघातजन्य तुटीचा असतो. बाण हाडावर किंवा दगडावर आदळल्यास टोकाची तूट वाकून पुढे सरकते आणि पायरीसारख्या कडेवर थांबते. कधी टोकापासून कडेच्या बाजूने लांबट छिलका निघतो. अशा तुटी पाठीच्या घडणीवरून पुढे गेलेल्या दिसल्यास त्या हत्यार पूर्ण झाल्यानंतरच्या आहेत हे निश्चित होते. १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्या पाहता येतात. तथापि जमिनीवर पडून पायाखाली आल्यानेही टोक मोडते. म्हणून एका तुकड्याऐवजी संपूर्ण समूहातील अशा तुटींचे प्रमाण पाहिले जाते.

दुसरा पुरावा आकारमानाचा असतो. हत्याराची कमाल रुंदी व कमाल जाडी यांच्या गुणाकाराच्या निम्म्यास ‘अग्राचे छेदक्षेत्र’ म्हणतात. जॉन शे यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ज्ञात बाणाग्रांचे सरासरी छेदक्षेत्र ३३ चौ. मिमी, फेकभाल्यांच्या टोकांचे ५८ चौ. मिमी आणि हाती धरून भोसकण्याच्या प्रायोगिक भाल्यांचे १६८ चौ. मिमी आढळले. उदाहरणार्थ, १२ मिमी रुंद व ४ मिमी जाड टोकदार पात्याचे छेदक्षेत्र २४ चौ. मिमी येते. ते बाणाग्रांच्या मर्यादेत बसते. ३५ मिमी रुंद व १० मिमी जाड छिलक्याच्या टोकाचे छेदक्षेत्र १७५ चौ. मिमी भरते. बाणासाठी ते फार जड होते. या मापाने एखादे हत्यार बाणाला शोभेल इतके हलके होते का, एवढेच कळते. तितक्याच मापाची सुरीही असू शकते.

तिसरा पुरावा वापराच्या खुणांचा असतो. गवत किंवा धान्याची ताटे कापणाऱ्या पात्याच्या धारेवर वनस्पतींतील सिलिकेमुळे आरशासारखी चकाकी येते. धारेला समांतर चकाकीचा पट्टा असलेले बोथट पाठीचे पाते बाणाचा काटा नसून विळ्याचा भाग असते. काही पात्यांवर राळेचे अवशेष टिकून राहतात. सापडलेले हत्यार घासून किंवा आम्लाने धुतल्यास हे दोन्ही पुरावे नष्ट होण्याचा धोका असतो.

सूक्ष्मास्त्रे बाणांना लावली जात याचे थेट पुरावे अन्यत्र मिळाले आहेत. स्वीडनमधील लोशुल्ट येथील दलदलीत सूक्ष्मास्त्रे राळेने चिकटवलेला लाकडी बाण सापडला. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यातील सराई नाहर राय या मध्याश्मयुगीन स्थळी मानवी सांगाड्याच्या बरगडीत रुतलेले सूक्ष्मास्त्र आढळले. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलचित्रांत काटेरी बाण वापरणारे शिकारी रंगवलेले आहेत.

कालनिश्चितीतील अडचणी

भारतीय उपखंडात सूक्ष्मास्त्रे दीर्घ काळ प्रचारात होती. मध्य प्रदेशातील निमाड भागात मेहताखेडी येथे लहान पात्यांचा उद्योग सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीचा असल्याचे शीला मिश्रा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे तो सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीपासून आढळतो. महाराष्ट्रात जोर्वे संस्कृतीचे (सु. इ.स.पू. १४०० ते ७००) शेतकरीही कॅल्सेडोनीची पाती व सूक्ष्मास्त्रे वापरत होते. एखादी साधी चंद्रकोर या संपूर्ण कालखंडातील कोणत्याही टप्प्याची असू शकते.

काळ ठरवण्यासाठी सोबतच्या वस्तू महत्त्वाच्या ठरतात. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी असलेल्या जोर्वे पद्धतीच्या खापरांसह थरात सापडलेली पाती ताम्रपाषाणयुगीन मानता येतात. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे अथवा मणी सोबत असल्यास उत्तर पुराश्मयुगाचा विचार करावा लागतो. पृष्ठभागावर खापरे नसणे हा मात्र प्राचीनतेचा पुरावा नव्हे.

विदर्भातील काळ्या कापसाच्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. पृष्ठभागावरील लहान वस्तू भेगांतून खाली जातात आणि माती पुन्हा फुगताना खालच्या वस्तू वर ढकलल्या जातात. त्यामुळे निरनिराळ्या काळांतील हत्यारे एकाच थरात मिसळतात. अशा जमिनीत सापडलेल्या वस्तूची खोली हा वयाचा विश्वसनीय निर्देशक नसतो.

रंगावरूनही काळ ठरवता येत नाही. कॅल्सेडोनी तापवल्यास ती लालसर व चकचकीत होते आणि तिचे छिलके सहज निघतात. गुजरातमधील खंभातचे अकीक कारागीर आजही दगड तापवतात. मात्र शेतातील धसकटे जाळल्यानेही पृष्ठभागावरील दगड लाल होतात. अशा दगडांवर अनेकदा वाटोळ्या खळग्यांसारखे टवके उडालेले दिसतात.

गफलत होणाऱ्या वस्तू

• चकमकीचे दगड : आगपेटीच्या प्रसारापूर्वी लोखंडी पट्टीवर आघात करून ठिणगी पाडण्यासाठी गारगोटी किंवा अकीक वापरत. त्यांच्या कडा चेचलेल्या असतात व पाठ घडवलेली नसते.

• मणी घडवताना पडलेले तुकडे : प्राचीन काळी विदर्भात अकीक व कार्नेलियनचे मणी तयार होत. नागपूरजवळील माहूरझरी हे त्याचे प्रसिद्ध केंद्र होते. तेथील तुकड्यांत अर्धवट घडवलेले, घासलेले किंवा भोक पाडताना फुटलेले मणीही असतात.

• खडीचे तुकडे : यंत्राने फोडलेल्या खडीवर ताजे पृष्ठभाग व आघाताचे ठसे दिसतात. ती बहुधा बेसाल्टची असते.

• नव्याने घडवलेली बाणाग्रे : सजावटीसाठी विकली जाणारी खाचांची टोके बहुधा आधुनिक असतात. त्यांच्या कडांवर झीज नसते.

महाराष्ट्रातील महत्त्वाची स्थळे

पाटणे : जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, अजिंठा-सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी हे स्थळ आहे. शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये येथे उत्खनन केले. मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर येथे एकावर एक मिळाले. उत्तर पुराश्मयुगीन थरांतील शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे रेडिओकार्बन कालमापन सुमारे २५,००० वर्षे आले. कोरीव नक्षी असलेला कवचाचा तुकडा आणि कवचाचे मणीही येथे सापडले. हीच डोंगररांग पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यात येत असल्याने पश्चिम विदर्भातील हत्यारांच्या तुलनेसाठी पाटण्याचा स्तरक्रम विशेष उपयुक्त आहे.

इनामगाव : पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात केले. शेती, घरे व खापरे यांच्या संदर्भात पात्यांचा उपयोग अभ्यासण्यासाठी हे स्थळ महत्त्वाचे आहे.

तुळजापूर गढी : अमरावती जिल्ह्यातील हे स्थळ विदर्भातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा पुरावा देते.

मुंबई परिसर : के. आर. यू. टॉड यांनी मुंबई व आसपासच्या किनाऱ्यावरील सूक्ष्मास्त्रांची नोंद केली. त्यांचा लेख १९५० मध्ये ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

संशोधनाचा इतिहास

भारतातील सूक्ष्मास्त्रांची पहिली महत्त्वाची नोंद आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी १८६७-६८ मध्ये विंध्य पर्वतातील मिर्झापूर भागातील शैलाश्रयांत केली. विसाव्या शतकात सांकलिया यांनी गुजरातमधील लांघणज येथे १९४१ पासून उत्खनने करून सूक्ष्मास्त्रांचा थरनिहाय अभ्यास सुरू केला. पुढे पाटणे येथील कामामुळे महाराष्ट्रात पात्यांच्या हत्यारांचा उगम मध्याश्मयुगाच्या बराच मागे नेता आला.

नोंद व जतन

पृष्ठभागावरील सूक्ष्मास्त्रांचे शास्त्रीय मूल्य त्यांच्या विखुरण्याच्या रचनेत असते. गाभे, छिलके, मोडकी पाती आणि पूर्ण हत्यारे एकत्र आढळल्यास ते घडणीचे ठिकाण असते. एकटी मोडकी टोके विखुरलेली असल्यास शिकारीच्या जागेची शक्यता विचारात घेतली जाते. केवळ देखणी टोके वेचून नेल्यास उरलेल्या तुकड्यांवरून हा भेद करता येत नाही. वेचलेली टोकेही संदर्भहीन होतात.

नोंद करताना वस्तू जागेवर असतानाच मोजपट्टीसह छायाचित्र घेणे, गाव, गट क्रमांक व अक्षांश-रेखांश लिहिणे, मातीचा प्रकार व आसपासच्या खापरांचा उल्लेख करणे आणि वस्तू न उचलता पुरातत्त्व विभागाला कळवणे ही योग्य पद्धत होय. राज्यात यासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, तर विदर्भात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ कार्यरत आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये किमान १०० वर्षे जुन्या पुरावशेषांची खासगी व्यक्तींना निर्यात करता येत नाही. लोणार सरोवर हे अभयारण्य असून २०२० मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील परिसरातून दगड उचलणे योग्य नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात ही नोंद अधिक निकडीची ठरते. संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात प्रारंभिक ऐतिहासिक काळातील वसाहत व विटांचा स्तूप उजेडात आला. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूपासारखी वास्तू उत्खननात ठळकपणे दिसते. नदीकाठच्या कापलेल्या थरांतील सूक्ष्मास्त्रे मात्र पद्धतशीर पाहणी केल्याशिवाय लक्षात येत नाहीत आणि काठ पाण्याखाली गेल्यावर त्यांचा स्तरसंदर्भ परत मिळवता येत नाही.